सहावा खांदा

फेलिम बॉयलन हो म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात हॅमच्या सँडविचचा घास होता. त्यामुळे ते 'हो' जरा घाईत आणि जरा मोठ्यानंच निघालं. हॅझलेटांच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. गावभर सगळ्यांची टर उडवणाऱ्या पॅकी मर्टानं तर चहाचा कप खाली ठेवून ऐकलं.

आतल्या खोलीत मर्विन हॅझलेट पेटीत निजला होता. निजला तरी त्याचे खांदे पेटीला दोन्हीकडून टेकत होते, इतका रुंद गडी. सकाळपासून लोक येत होते, टोपी काढून त्याच्याकडे बघत होते, त्याच्या बायकोशी हात मिळवत होते आणि "फार वाईट झालं, मिसेस हॅझलेट" म्हणून चहाकडे वळत होते. ऑलिव्ह हॅझलेट सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "आलात, बरं वाटलं." फेलिमपाशी मात्र ती थांबली आणि हातातली किटली शेगडीवर ठेवून तिनं सरळ विचारलं.

"फेलिम, चर्चमध्ये खांद्याला माणसं कमी पडतायत. आमच्यात आता उरलंय कोण? पाच म्हातारे. त्यातल्या सेसिलचा खुबा गेलेला. सरहद्दीच्या पुलापलीकडचे पुतणे वेळेत पोचतील याचा भरवसा नाही. तू फाटकाशी थांबू नकोस. आतपर्यंत येशील?"

"हो," फेलिम म्हणाला.

आता यात एवढं काय, असं परक्या माणसाला वाटेल. आमच्या ड्रमलारात कॅथलिक मेला काय आणि प्रोटेस्टंट मेला काय, खांदा द्यायला अख्खं गाव येतं. गावाच्या तळापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत माणसं आळीपाळीनं पेटी वाहतात आणि त्यात कोणाचा देव कुठला हे कोणी विचारत नाही. पण हे सगळं फाटकापर्यंत. फाटकाशी पेटी दोन खुर्च्यांवर टेकवायची, कॅथलिकांनी टोपी काढून मागं सरायचं, भिंतीशी ओळ धरायची, आणि आत न्यायला प्रोटेस्टंटांनी खांदा लावायचा. आत प्रार्थना होईस्तोवर आम्ही बाहेर. कारण त्यांच्या प्रार्थनेला बसणं हे पाप, आणि तेही साधंसुधं नाही. फादरलासुद्धा ते माफ करता येत नाही, बिशपपर्यंत जावं लागतं. गावात कोणी ते पाप करून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे बिशप त्यावर नेमकं काय करतात हेही कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला माणूस जास्तच भितो.

फेलिमचं आणि मर्विनचं प्रकरण मात्र नुसत्या शेजाराचं नव्हतं. दोघांची शेतं एकाच ओढ्याला लागून. दोघांकडे एकेकच घोडं, आणि नांगराला लागतात दोन. म्हणून लग्नाच्याही आधीपासून दोघांची सावड. फेलिमची घोडी आणि मर्विनचा घोडा एका नांगराला जुंपायचे, आज तुझं रान, उद्या माझं. पंचवीसेक वर्षं त्यांनी एकमेकांच्या मागून चिखल तुडवला होता.

"माझा घोडा सरळ चालतो," मर्विन म्हणायचा, "वाकडी जाते ती तुझी पोपची घोडी."

"वाकडी जात नाही ती. तुझ्या घोड्यापासून अंतर राखते. फादरनं बजावलंय तिला."

मग दोघं इतके हसायचे की घोडी थांबायची.

आणि फेलिमची आई गेली तेव्हा मर्विन आम्हा कॅथलिकांच्या चॅपेलच्या दाराशी थांबला नव्हता. पेटीखालचा खांदा त्यानं काढलाच नाही, तसाच आत आला, पार वेदीपर्यंत. नंतर शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे काही ठाऊक नाही. सगळे बसले की हा उठायचा आणि हा बसला की सगळे उठायचे. बाहेर आल्यावर पॅकीनं त्याची नक्कल केली, आणि फेलिमही आईच्या मयताच्या दिवशी त्या नकलेला हसला. पुढं मर्विनला पुलापलीकडच्या त्यांच्या लॉजवाल्यांनी, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या संघटनेनं, बोलावून झापलं आणि त्या वर्षी त्यांच्या जुलैच्या मिरवणुकीत मानाचा पट्टा घालून चालू दिलं नाही. हे त्यानं स्वतःच फेलिमला सांगितलं, तेही हसत. "बरं झालं रे, बूट नवे होते. चालून चालून चावले असते."

तेव्हा फेलिमनं हो म्हटलं ते काही उगीच नाही. त्याला ते मनापासून म्हणायचं होतं. फक्त ते म्हणताना पॅकी समोर नसता तर बरं झालं असतं.

फेलिम घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. त्याची बायको डिम्प्ना बटाटे सोलत होती.

"तू हो म्हणालास?"

"म्हणालो."

"सगळ्यांसमोर?"

"ती विचारत होती सगळ्यांसमोर, मी काय परसात जाऊन उत्तर देऊ?"

डिम्प्नानं एक बटाटा सोलून पाण्यात टाकला. "बरं केलंस," ती म्हणाली.

फेलिमला हे अपेक्षित नव्हतं. खरं सांगायचं तर ती भांडेल अशी त्याला आशा होती. बायको आडवी आली असती तर पुरुषाला किती सोयीचं झालं असतं. तो म्हणाला, "बिशपचा नियम आहे, डिम्प्ना."

"आपली गाय अडली होती तेव्हा बिशप आला होता का गोठ्यात? मर्विन आला होता. कोपरापर्यंत हात घालून बसला होता."

"आणि उनाचं काय?"

उना त्यांची मुलगी. शिक्षिकेचं शिकून येत होती आणि गावच्या शाळेत इस्टरनंतर जागा निघायची होती. शाळेचा कारभार फादर मकार्डलांच्या हातात. डिम्प्नाची सुरी क्षणभर थांबली.

"उनाचं उना बघेल," ती म्हणाली. "तिला विचारलंस तर ती तरी थांब म्हणेल का तुला? त्यानंच शिकवलंय तिला सायकल चालवायला. आता म्हणालास ना हो? मग जा. आणि चांगले बूट घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर मकार्डलांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. फादर गाडीतून उतरले नाहीत, नुसती काच खाली केली.

"मर्विन चांगला माणूस होता, फेलिम."

"होता, फादर."

"मी प्रार्थना करणार आहे त्याच्यासाठी. आपापल्या जागी उभं राहूनही प्रार्थना करता येते. देव काही बहिरा नाही."

"नाही, फादर."

"उना कशी आहे? हुशार पोरगी. माझ्या लक्षात आहे हो ती."

"बरी आहे, फादर. आभारी आहे."

बस, एवढंच. काच वर गेली आणि गाडी गेली. याला धमकी म्हणता येणार नाही, आणि फादर तसे वाईट माणूसही नव्हेत. जाऊ नकोस असं ते म्हणाले नाहीत. फेलिमला त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. पण 'आभारी आहे' म्हणताना फेलिमनं टोपी काढली होती, आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी ती त्याच्या हातातच होती. हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. मी जाणारच, असं तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला फक्त कोंबड्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मर्विनला गावाच्या तळापासून उचललं. वारा होता, पण कोरडा. अख्खा गाव लोटला होता. पहिल्या सहांत फेलिम होता, मागच्या डाव्या कोपऱ्याला. मर्विन जड होता. टेकडीच्या अर्ध्यावर बदलीची माणसं पुढं आली तेव्हा फेलिमनं मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा बदली झाली तेव्हाही नाहीच म्हटलं. लाकूड मानेत रुतत होतं आणि ते दुखणं त्याला बरं वाटत होतं. तो मनात मर्विनशी बोलत होता. आलोच बघ. तू आलास तसा मी येतोय. उठायचं कधी, बसायचं कधी मलाही ठाऊक नाही, हसू नकोस म्हणजे झालं.

फाटकाशी खुर्च्या मांडलेल्याच होत्या. पेटी टेकवली. ऑलिव्ह काळा कोट आणि काळे हातमोजे घालून खुर्च्यांच्या पलीकडे उभी होती. आमच्या माणसांनी टोप्या काढल्या आणि ती भिंतीकडे सरली. तिकडून ते पाच म्हातारे पुढं आले. पुतण्यांचा पत्ता नव्हता. पुलाच्या तोंडाशी पलीकडच्या सरकारनं लोखंडी खुंट ठोकून वाट बंद केल्यापासून त्यांना जकात नाक्यावरून लांबचा वळसा पडायचा, आणि नाक्यावर कोणाला किती वेळ अडवून ठेवतील याचा नेम नसे. सेसिल खुबा सांभाळत वाकडा उभा राहिला. पेटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला कोणीच नव्हतं.

आणि फेलिम भिंतीशी उभा होता.

तो तिथं कसा आला हे त्याला कळलं नाही. सगळे मागं सरले तेव्हा त्याचे पायही सवयीनं सरले होते. आयुष्यभर त्या फाटकाशी ते असेच सरत आले होते. काही बिघडलं नव्हतं. चार पावलं पुढं टाकायची, की झालं. ऑलिव्ह त्याच्याकडे बघत होती. तिची नजर रागाची नव्हती; जेवायला वाढून झालं की बाई पुरुषाकडे बघते ना, चल ये, तशी ती बघत होती.

फेलिमनं एक पाय उचलला.

"काय रे, जातोस?" शेजारून पॅकी ओठ न हलवता पुटपुटला. "जा की. बिशपकडे जाशील तेव्हा माझाही नमस्कार सांग. म्हणावं, माणूस गुणी आहे, फक्त जोडीचा घोडा प्रोटेस्टंट निघाला."

आजूबाजूची चार-पाच माणसं नाकातल्या नाकात हसली.

आणि फेलिम हसला.

मोठ्यानं नाही. ओठ जरा ताणले गेले, एवढंच. हसू आलं म्हणूनही नाही. चार माणसं आपल्याकडे बघून हसली की आपणही हसतो, तसं. पण ऑलिव्हनं ते पाहिलं. मर्विनची पेटी मधे, पलीकडे ती, अलीकडे हा हसणारा. उचललेला पाय फेलिमनं होता तिथंच खाली ठेवला.

ऑलिव्हनं डाव्या हाताचा मोजा काढला, मग उजव्याचा. दोन्ही नीट घडी करून कोटाच्या खिशात टाकले. आणि ती मागच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन उभी राहिली.

ड्रमलारात कुठल्याही बाईनं आजवर खांदा दिला नव्हता, इकडे नाही की तिकडे नाही. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. त्यांचे पाद्री काहीतरी म्हणायला पुढं झाले. "उचला," ऑलिव्ह म्हणाली. त्यांनी उचललं.

ती बुटकी बाई. पेटी तिच्या कोपऱ्यात खाली झुकली. तिनं खांद्यावर तोलायचा प्रयत्न केला, जमेना, मग दोन्ही हातांनी वर धरली. सेसिल एकेक पाऊल ओढत होता. मधे एकदा सगळेच थांबले, पेटी इतकी डुगडुगली की भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांतून एक श्वास एकदम आत ओढला गेला. तिथं वीस-पंचवीस धट्टेकट्टे गडी होते. गवताचे भारे, मेंढ्या, दगड, जे म्हणाल ते खांद्यावर टाकून टेकडी चढणारे. ते सगळे हातात टोप्या घेऊन, आदरानं मान खाली घालून, एका विधवेला नवऱ्याचं ओझं नेताना पाहत होते. या आदराला काय म्हणावं? फेलिमही त्यातलाच एक होता. बाकीच्यांनी निदान शब्द तरी दिला नव्हता.

पेटी आत गेली. दार कोणीतरी लोटलं.

कडी लागली नव्हती. हे फेलिमला दिसत होतं. फटीतून आतल्या मेणबत्त्यांचा उजेड येत होता. आता गेलो तरी चालेल, तो मनाशी म्हणाला. शेवटच्या बाकावर जाऊन बसेन. मग आतून गाणं सुरू झालं. मूठभर म्हाताऱ्यांचं गाणं, पातळ, कुठं सुरात कुठं बेसूर. हे गाणं संपलं की जातो, त्यानं ठरवलं. गाणं संपलं. पाद्री बोलू लागले. बोलताना मधेच गेलं तर सगळे वळून बघतील. यांचं बोलणं संपू दे. बाहेर माणसांनी सिगारेटी पेटवल्या. गेल्या रविवारच्या फुटबॉलचा विषय निघाला, कोणाच्या तरी वळूचा निघाला. पॅकीनं त्याच्यापुढं सिगारेटचं पाकीट धरलं आणि फेलिमनं एक घेतली. घेतली, पेटवली आणि ओढली. त्याला अडवणारं तिथं कोणी नव्हतं. फादर मकार्डल तर त्या दिवशी गावातसुद्धा नव्हते, आजारी भावाला बघायला गेले होते. सकाळीच सगळ्यांना ते ठाऊक होतं, फेलिमलाही.

बायको जा म्हणाली होती. मुलीनं थांब म्हटलं नसतं. फादर तिथं नव्हते. मग उरलं काय? पॅकीचा एक विनोद. एका विनोदावर तो थांबला होता.

पेटी बाहेर आली तोवर पुतणे धापा टाकत पोचले होते. त्यामुळे थडग्यापर्यंत पेटी सरळ गेली. उघड्यावर आलं की आमच्या माणसांना कुंपणाच्या आत जायला हरकत नसते, जरा अंतर राखून. पाद्रींचं शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच फेलिम पुढं झाला आणि त्यानं खणणाऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं. घेतलं कसलं, ओढलंच. तो माती लोटू लागला. कोट काढला नाही, चांगले बूट बघितले नाहीत. पुतण्यांपैकी एकजण मदतीला आला तर त्याला त्यानं कोपरानं मागं सारलं. घाम डोळ्यांत उतरला. थडगं भरलं, वर उंचवटा झाला, तरी तो फावड्याच्या पाठीनं चोपतच राहिला, इतका की खणणाराच म्हणाला, "बास आता, बॉयलन. तो काही उठून येत नाही."

"शेजारी असावा तर असा," पॅकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि या खेपेला तो थट्टा करत नव्हता. "मर्विनला याच्याहून चांगला शेजारी मिळाला नसता." दोघा-तिघांनी येऊन फेलिमच्या पाठीवर थाप मारली. पुतण्यांनी हात मिळवले. प्रत्येक थाप फेलिमला तोंडात मारल्यासारखी लागली, पण त्यानं ती घेतली. मान हलवून आभारसुद्धा मानले.

लोक पांगले. फेलिम फावड्याची माती गवताला पुसत रेंगाळला. ऑलिव्ह येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ती यावी असंही त्याला वाटत होतं. तिनं काय वाटेल ते बोलावं. मोठ्यानं बोलावं, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जावं. त्याची सगळी तयारी होती.

ऑलिव्ह आली. कोटाच्या डाव्या खांद्यावर पेटीच्या वार्निशचा पिवळट डाग पडला होता. तिनं मोजे पुन्हा घातले नव्हते.

"मिसेस हॅझलेट," फेलिम म्हणाला, "मी येणारच होतो. माझं पाऊल..."

"फेलिम, माझंच चुकलं," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मर्विननं मला सांगून ठेवलं होतं. अंथरुणाला खिळला तेव्हाच. म्हणाला, सेसिलला सांग, पुतण्यांना सांग, नाहीतर गाड्यावरून ने मला. पण फेलिमला आत यायला सांगू नकोस. तो लगेच हो म्हणेल, म्हणाला, आणि फाटकाशी त्याचा धीर सुटेल. मग आयुष्यभर त्याला तोंड वर काढता यायचं नाही. त्याला त्या जागी उभा करू नकोस." तिनं कपाळावर आलेले केस मागं सारले. "मी म्हटलं, तू उगाच बोलतोस, फेलिम तसा नाही. आणि विचारलं तुला. तो एवढा जीव तोडून सांगत होता आणि मी ऐकलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि ती उताराला लागली, पुतण्यांच्या मागून, जपून पाऊल टाकत.

फेलिम फावडं धरून उभा राहिला. म्हणजे मर्विनला ठाऊक होतं. शेजारी शेजारी चिखल तुडवताना, घोड्यांवरून थट्टा करताना, कोपरापर्यंत हात घालून त्याची गाय सोडवताना, कितीतरी वर्षं तो माणूस ओळखून होता की आपण कुठवर येऊ आणि कुठं थांबू. आणि एकदाही त्यानं ते दाखवलं नव्हतं. खालून, रस्त्यावरून, पॅकी हाका मारत होता, "येतोस का रे फेलिम? घसा ओला करू." फेलिमनं फावडं गवतात ठेवलं. चर्चचं दार उघडंच होतं आणि आत कोणी नव्हतं. तो दारापर्यंत गेला, चिखलाचे बूट उंबऱ्याशी पुसले, आणि तिथं कितीतरी वेळ उभा राहिला. पण आता आत जाऊन करायचं काय, हे त्याला समजेना.